जोर आणि सुरावट एकाच वेळी: ग्वाल्हेर गायकीच्या श्रोत्याने 'इमेजेस अँड वर्ड्‌स' कसा ऐकावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणापासून घरात ग्वाल्हेर गायकी, कानाला तबला-पेटीची सवय. पुतण्याने ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा 'इमेजेस अँड वर्ड्‌स' हा प्रोग्रेसिव्ह मेटल अल्बम फोनमध्ये घालून दिला आणि सांगितलं, की यात जोर आणि सुरावट दोन्ही आहेत. तुम्ही मनापासून ऐकलात. पण गाणं गोड सुरू होतं, मग ढणढणाट होतो, मग पुन्हा गोड होतं. गायकाचा आवाज सारखा वरच लागलेला. मात्रा मोजायला जावं तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही, आणि पहिलं गाणं तर चालू असताना मध्येच तुटतं. मग लोक ज्याचं कौतुक करतात तो मिलाफ नेमका आहे कुठे?

मिलाफ त्या ढणढणाटाच्या आतच आहे. तुम्ही गोड भाग आणि जोरकस भाग आळीपाळीने ऐकताय, आणि जोरकस भाग चालू असताना तो संपायची वाट बघताय. या अल्बममध्ये सुरावट जोर थांबल्यावर येत नाही, ती जोरावरच स्वार असते. फक्त तिची चाल खालच्या गिटारच्या चालीपेक्षा खूप संथ असते, म्हणून कान वेगाकडे ओढला जातो आणि ती निसटते. तेव्हा पहिला उपाय एवढाच: जोरकस भागात जो स्वर सगळ्यांत जास्त वेळ टिकतो, तो धरा. गायकाचा असेल, कीबोर्डचा असेल, कधी बास गिटारचा. तो सुटला तर पुढचा लांब स्वर धरा. जलद चाललेल्या वाद्यांच्या मागे सुरुवातीला धावूच नका.

अल्बमची जुजबी माहिती हवी. ७ जुलै १९९२ ला तो बाजारात आला. आठ गाणी, साधारण सत्तावन्न मिनिटं. गिटारवाला जॉन पेट्रुची, बासवाला जॉन म्याँग आणि ड्रमवाला माइक पोर्टनॉय हे तिघे १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात एकत्र आले. कीबोर्डवर केव्हिन मूर. १९८९ च्या पहिल्या अल्बमचा गायक वेगळा होता. त्याच्यानंतर नवा गायक शोधण्यात बराच काळ गेला, आणि त्या काळात या अल्बममधलं बरंचसं संगीत गायकाविना, वाद्यांवरच बसवलं गेलं. शेवटी कॅनडाचा जेम्स लाब्री मिळाला. हा तपशील ऐकताना उपयोगी पडतो: इथे वाद्यांची सुरावट आधीपासून उभी आहे आणि गळा तिच्यात नंतर शिरला आहे. ख्यालात साथीची वाद्यं गळ्यामागे जातात. इथे तशी अपेक्षा ठेवली तर पदरी निराशा येते.

आता ऐकण्याची सोय, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फोनच्या अंगच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यातून साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेरच पडत नाही. बास गिटारच्या नेहमीच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, गिटारच्या जाड तारेचा ८२ चा. म्हणजे सुरावट ज्याच्यावर उभी आहे तेच गायब होतं आणि उरतो तो झांजांचा कचकचाट. कान पूर्ण झाकणारा, तारेचा साधा हेडफोन पुरतो. स्पीकर असतील तर दोन स्पीकरांमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवा, दीड ते दोन मीटर. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान हातभर पुढे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांची अडचण वेगळी आहे. उंच छत, दगडी फरशी, मोकळ्या भिंती. तंबोऱ्याला अशी खोली मानवते, या संगीताला नाही. गिटारचे आघात इथे तोडून तोडून वाजवलेले असतात आणि दोन आघातांमधली पोकळी हाच त्यांचा जोर असतो. घुमणाऱ्या खोलीत ती पोकळी भरून जाते आणि सगळं सलग घरघरतं. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर बारीक टणत्कार रेंगाळला तर स्पीकरसमोरच्या फरशीवर जाड सतरंजी टाका, समोरच्या भिंतीवर रजई किंवा जाड पडदा लावा, आणि पुन्हा टाळी वाजवा. टाळी कोरडी झाली की पुरे. मे-जूनमध्ये कूलर चालू असेल तर हळुवार भाग त्यात बुडतात. तेव्हा हेडफोनच वापरा.

फोनमधला किंवा ॲम्प्लिफायरमधला 'बेस बूस्ट' बंद करा. ही चूक फार घरांत होते. त्याने साधारण ६० ते १०० हर्ट्झचा पट्टा फुगतो, पायाने वाजवायचा ड्रम फुगतो, आणि त्याच्या मागे बास गिटार झाकली जाते. या अल्बममध्ये म्याँगची बास स्वतंत्र बोलते, ती गेली तर अर्धा मिलाफ गेला. आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या घरात ठेवा. मोजायला फोनवर ॲप मिळतं, अंदाजापुरतं ते चालतं. याहून बराच हळू लावला तर खालचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात आणि संगीत पातळ होतं. फार मोठा लावला तर झांजा बोचतात आणि अर्ध्या तासात कान थकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास, ९० डेसिबलला आठवड्याला फक्त चार तास, अशी आहे. ती मेटल ऐकणाऱ्यांनी पाठच करावी. गाण्यांचा क्रम उलटापालटा करणारं 'शफल' बंद ठेवा. शेवटची दोन गाणी एकमेकांना बांधलेली आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. स्नेअर ड्रमचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, ठोका तुम्हाला प्रत्येक वेळी हुबेहूब एकसारखा वाटेल. तो तसाच आहे. निर्माता डेव्हिड प्रेटर याने ड्रमच्या ठोक्यांवर ट्रिगर वापरून, म्हणजे प्रत्येक ठोक्याला आधी साठवलेला आवाज वाजवून, ठरावीक नाद बसवला. तबल्यातला प्रत्येक 'धा' वेगळा ऐकणाऱ्या कानाला हे खटकणारच, आणि माझ्या मते अल्बमची ही सगळ्यांत कमकुवत बाजू आहे. पोर्टनॉयचा हात ऐकायचा असेल तर स्नेअर सोडा आणि झांजांकडे जा. पायाने उघडमिट होणाऱ्या हाय-हॅटवर आणि मोठ्या राइड झांजेवर हलक्या-भारी ठोक्यांचा फरक स्वच्छ ऐकू येतो.

जोर म्हणजे मोठा आवाज नव्हे, हे समजायला पेटी काढा. मेटलच्या गिटारवर जोरकस भागात बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, नसतो, फक्त सा आणि प एकत्र असतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार मुद्दाम गाळलेला असतो. कारण असं: गिटारचा आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे तो मुद्दाम फाटका करणाऱ्या यंत्रणेतून, जातो तेव्हा एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाएवढा एक तिसरा स्वर आपोआप तयार होतो. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. फरक एक, म्हणजे बरोबर सा च्या खालच्या सप्तकातला सा. पांढरी तीन (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी) ८२ हर्ट्झची आणि तिचा पंचम १२३ च्या आसपास, तर फरक ४१, म्हणजे थेट बास गिटारचा स्वर. दोनच तारा छेडल्या आणि खाली एक सप्तक आपसूक उघडलं. तंबोऱ्याच्या सा-प मध्ये गुंजणारा भरीवपणा तुमच्या ओळखीचा आहे. इथे तो विजेने चढवलेला आहे, एवढंच. आता गंधार घातला तर? पेटी आणि गिटार दोन्ही समान अंतरांच्या स्वरांवर चालतात. त्यांचा पंचम शुद्ध पंचमाच्या अगदी जवळ असतो, पण गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. त्या चढ्या गंधारामुळे खाली तयार होणारा स्वर सा वर न बसता सा आणि कोमल रे यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो आणि सगळं गढूळ होतं. म्हणून जोर लावायचा तिथे गंधार गाळतात.

पण गंधाराशिवाय स्वभाव कळत नाही. खाली नुसता सा-प वाजत असेल तर गाणं शुद्ध गंधाराचं की कोमल गंधाराचं, हे कोण सांगणार? गायक सांगतो, किंवा कीबोर्ड. गिटार सा-प चा जोर देते आणि गाळलेला स्वर वरची सुरावट भरते. तुम्ही विचारलेला मिलाफ शब्दशः इथे घडतो: एका वाद्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा दुसरं वाद्य भरून काढतं. जोरकस भागात गायकाचा लांब स्वर धरा असं सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी.

याच्याच पुढची पायरी पेटीवर करून बघा, दहा मिनिटं लागतात. उजव्या हाताने पांढरी तीन दाबून ठेवा, सोडू नका. डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधी पांढरी तीन आणि सात एकत्र वाजवा. तुमचा धरलेला स्वर आता सा आहे, घरी बसलेला. मग डावा हात पांढरी एक आणि पाचवर न्या. स्वर तोच, पण तो गंधार झाला आणि उजळला. मग सहा आणि वरची तीन: तो पंचम झाला, स्थिर. मग चार आणि वरची एक: तोच स्वर शुद्ध निषाद झाला आणि ओढ लावायला लागला. मग दोन आणि सहा: तो रिषभ झाला, अधांतरी. उजव्या हाताने काहीही केलं नाही आणि पाच भाव निघाले. आपल्याकडे तंबोरा हलत नाही, म्हणून गायक स्वराला हलवून, मींड घेऊन (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन), आंदोलन देऊन भाव काढतो. इथे स्वर जागेवर राहतो आणि षड्जच खालून सरकतो. मींडकाम नाही म्हणून हे संगीत कोरडं, असा निष्कर्ष काढणारे श्रोते हलणाऱ्या षड्जाकडे लक्षच देत नाहीत. बास गिटारचा स्वर बदलला की वरच्या स्वराचा रंग बदलतो, हे एकदा कानाला लागलं, की जोरकस भागातही गाणं हलताना दिसायला लागतं.

आता ठेका. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं छोटं गिटारवाक्य. तबल्याच्या एकल वादनातला लहरा (पेटीवर सतत फिरणारी धून) तुम्हाला माहीत आहे, रिफचं काम सुरुवातीला तेच समजा: आवर्तन सांगणं. तेव्हा मात्रा ड्रमवर मोजू नका, रिफवर मोजा. रिफ जिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो ती तुमची सम. चारच्या हिशेबातले भाग आपोआप जमतील. सातच्या तुकड्यांना रूपकाचा हिशेब लावा, पाचच्यांना झपतालाचा अर्धा.

गोंधळ होतो तो एका विशिष्ट कारणाने, आणि ते हाताने करून बघण्यासारखं आहे. तोंडाने रूपकाच्या सात मात्रा म्हणत राहा आणि टाळी प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर द्या. पहिल्या आवर्तनात टाळी १, ३, ५, ७ वर पडेल. न थांबता पुढे गेलात की दुसऱ्या आवर्तनात ती २, ४, ६ वर पडेल, समेवर टाळी नसेल. तिसऱ्या आवर्तनात पुन्हा समेवर. सातच्या रिफवर ड्रमवाला झांज अशीच चालवतो तेव्हा झांज धरून मोजणाऱ्याला वाटतं की सम सरकली. ती सरकलेली नसते. दोन आवर्तनं मिळून चौदाचं एक मोठं आवर्तन झालेलं असतं आणि झांज त्या चौदाला भागत असते. दुसरी युक्ती उलटी असते. वाक्य तीनचं, चौकट सोळाची: तीन, तीन, तीन, तीन आणि शेवटी चार. तिहाईची (तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या तुकड्याची) सवय असलेला कान पुढच्या समेवर पोचण्याची अपेक्षा ठेवतो, पण इथे शेवटचा तुकडा ताणून किंवा कापून चौकट पुरी करतात. तिथे तिहाई शोधू नका, सापडणार नाही. चौकट सांभाळणारा स्नेअर ऐका.

एक फरक मनात स्पष्ट ठेवा. आपल्या तालात सम हे विसाव्याचं ठिकाण आहे, सगळे तिथे भेटतात. इथे रिफची सम आणि सुरावटीचा विसावा वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात, आणि चांगल्या जागी तसेच असतात. खाली रिफ दोनदा फिरून जातो आणि वर गायकाचा एकच श्वास चालू असतो. मोजणं जमलं की काही दिवसांनी ते सोडून द्या. मात्रा मोजत बसलेल्या माणसाला लांब स्वर ऐकू येत नाही.

गायकाचा आवाज वर का, हेही यातच आलं. डिस्टॉर्शनची गिटार मधला सगळा पट्टा व्यापते. ग्वाल्हेरचा खुला, भरदार आकार पुरुषांच्या मधल्या सप्तकात लावला तर या गिटारांखाली तो दबून जाईल. म्हणून गळा वरच्या मोकळ्या जागेत नेतात. 'लर्निंग टू लिव्ह' या शेवटच्या गाण्यात मध्याच्या पुढे लाब्री जो सर्वांत वरचा स्वर लावतो तो सुमारे ७४० हर्ट्झचा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या हिशेबाने हा अतितार सप्तकातला मध्यम होतो. तो एकटा काढून ऐकला तर किंचाळी वाटेल. त्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं ऐकून तिथे पोचलात तर तो चढतीचं टोक वाटतो. म्हणूनच या गायकाचे तुकडे तोडून ऐकू नका. हेडफोनवर आवाज फार बोचत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन डेसिबल कमी करा, त्याहून जास्त नको, नाहीतर शब्द मातीत जातात.

गाण्यांचा क्रम. अल्बम पहिल्यापासून ऐकायची घाई करू नका. आधी सातवं आणि आठवं एकत्र, सलग. 'वेट फॉर स्लीप' अडीच मिनिटांचं आहे, मुख्यतः पियानो आणि गळा, ड्रम नाहीत. पियानोची छोटी फिरती आकृती आहे, तिची चाल सरळ चारची नाही. शब्दांकडे न बघता ती आकृती गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग लगेच 'लर्निंग टू लिव्ह', साडेअकरा मिनिटांचं. त्याच्या पोटात तीच आकृती पुन्हा येते, पण आता भोवती संपूर्ण बँड उभा आहे. एकच सुरावट, आधी जोराविना आणि मग जोरासकट. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अल्बमने स्वतःच असं शेजारी शेजारी ठेवलेलं आहे, आणि ही जागा कानाला दिसली की बाकीच्या सहा गाण्यांत काय शोधायचं ते कळतं. याच गाण्यात मध्ये नायलॉन तारांची गिटारही येते. तिथे जोर पूर्ण उतरतो, पण पुढची चढती तिथूनच बांधायला घेतलेली असते.

त्यानंतर 'सराउंडेड'. कीबोर्ड आणि गळ्याने हळुवार सुरू होतं, भरत जातं आणि शेवटी पुन्हा हळुवार होतं. तुमच्या ओळखीची बढत, म्हणजे हळूहळू होणारा विस्तार, इथे सगळ्यांत सहज सापडेल. फरक असा, की ग्वाल्हेरचा रिवाज आधी अस्थायी-अंतरा पुरा मांडून मग बढत करण्याचा. इथे मुखडा उशिरा कळतो आणि दर वेळी भोवतालची वाद्यं बदलून परत येतो. परत येताना खाली बास कोणता स्वर धरते ते बघा. पेटीवर केलेला प्रयोग तिथे कामी येईल.

तिसऱ्या बैठकीला पहिलं गाणं, 'पुल मी अंडर', सव्वाआठ मिनिटांच्या आसपास. याचा शेवट मुद्दाम कापलेला आहे. फाईल खराब नाही आणि पुतण्याने काही बिघडवलेलं नाही. शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या विचारांवरून घेतलेले आहेत, तेव्हा मध्येच तुटणं विषयाला धरूनच आहे. सुरुवातीला स्वच्छ गिटारची नक्षी ऐका, मग जड गिटार आत येते तेव्हा त्या नक्षीतले स्वर मनात चालू ठेवा. जमलं तर जड भाग एकदम सुरेल ऐकू येतो.

'अनदर डे' हे गाणं बरेचजण नवख्याला आधी ऐकवतात. मी तसं करू नये असं म्हणेन. गाणं फार सुंदर आहे, पेट्रुचीने वडिलांच्या कर्करोगाच्या काळात लिहिलेलं, आणि त्यात जे बेकेनस्टाइनचा सोप्रानो सॅक्सोफोन आहे. पण ते गोड गाणं म्हणूनच आवडतं आणि मग बाकीचा अल्बम त्या मापाने मोजला जातो. ते मागून ऐका. 'टेक द टाइम'च्या शेवटी गिटारचा लांबलचक सोलो आहे. खाली कॉर्ड तेच फिरत राहतात आणि वर गिटार गाते. तारेवर बोटाने ताणून स्वर चढवणं तिथे ऐका, मींडेची भूक थोडी भागेल.

'अंडर अ ग्लास मून' आणि 'मेट्रोपोलिस' शेवटी. 'मेट्रोपोलिस'चा मधला वाद्यांचा भाग नवख्याला सगळ्यांत जास्त थकवतो. तिथे गिटार आणि कीबोर्ड एकाच सुरात जलद तुकडे घेतात. ग्वाल्हेरच्या टप्प्यातले अचानक सुटणारे, तुटक, दाणेदार तुकडे ज्याने ऐकले आहेत त्याने हे टप्प्याच्या कानाने ऐकावेत, ख्यालाच्या नव्हे. प्रत्येक स्वर पकडायचा नाही, तुकडा कुठून उसळला आणि कुठे टेकला तेवढं पकडायचं. याच भागात म्याँग दोन्ही हातांच्या बोटांनी तारा थेट दाबून बासवर छोटा एकल तुकडा वाजवतो. 'बेस बूस्ट' चालू असेल तर तो धूसर होतो, बंद असेल तर दाणा न् दाणा कळतो. तुमची सोय नीट बसली की नाही याची ती चांगली परीक्षा आहे.

एका गाण्याला तीन वेळा द्या: एकदा फक्त लांब स्वर, एकदा फक्त बास, एकदा काहीही न ठरवता. एका बैठकीत दोन गाण्यांच्या वर जाऊ नका. शब्दांचा कागद तिसऱ्या वेळेनंतर हातात घ्या, त्याआधी घेतला तर डोळा कानाला बाजूला सारतो. 'लर्निंग टू लिव्ह' म्याँगने एड्सच्या छायेत जगण्यावर लिहिलेलं आहे. हे कळल्यावर तो सर्वांत वरचा स्वर पुन्हा एकदा ऐका. आठही गाणी अशी झाली की सत्तावन्न मिनिटं सलग, रात्री, अल्बमच्या क्रमाने.

पुढे काय, हेही तुम्ही विचाराल. याच वळणाचं, पण कमी गर्दीचं हवं असेल तर फेट्‌स वॉर्निंगचा 'पॅरलल्स', १९९१ चा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कथा सांगणारं हवं असेल तर क्वीन्सराइकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम', १९८८ चा. जोर आणखी चढवायचा असेल तर सिंफनी एक्सचा 'द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी'. ओपेथचा २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' मात्र थोडा थांबून. त्यात साध्या गाण्याबरोबर घशातून घरघरत काढलेला आवाज आहे. त्याला ठरावीक स्वर नसतो, म्हणून त्यात सूर शोधला तर वैताग येतो. त्याला तालवाद्य समजा आणि सुरावट त्या वेळी दोन गिटारींकडे सोपवलेली असते, तिकडे कान लावा.